ताकदीची गोळी

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत):

नागपूरहून एका सुनेनं लिहिलंय. सासूबाई 64 वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. आयुष्यात कधी तंबाखूला हात लावला नाही, तरी सव्वा वर्षापूर्वी फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. गाठीच्या तपासणीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडला, म्हणून गेफिटिनिबची रोज एक गोळी सुरू झाली. वर्षभर त्या छान होत्या. गेल्या महिन्यात स्कॅनमध्ये एक गाठ थोडी वाढलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, रक्ताची आणखी एक तपासणी करू, मग ठरवू.

त्याच आठवड्यात नवऱ्याच्या मोबाइलवर एक मेसेज आला. मलेरियाची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळी कॅन्सरच्या नव्या औषधासोबत दिली, की थकलेलं औषध पुन्हा काम करू लागतं, असा. नात्यातल्या एकाचं मेडिकल स्टोअर आहे, तिथून पट्ट्या आल्या. तीन आठवडे झाले, 200 मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. सासूबाईंना सांगितलंय ते इतकंच, की ही ताकदीची गोळी आहे. "नुकसान तर नाही ना काही? लोक वर्षानुवर्षं खातात," असं मिस्टरांचं म्हणणं. सूनबाई विचारतात, "मी आडवी गेले आणि उद्या काही बरंवाईट झालं, तर घर मलाच बोलेल. गप्प राहू की बोलू?"

पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत. एक: आजकाल सासूबाईंना पहाटे दरदरून घाम येतो, हात थरथरतात, चहा-बिस्किट खाल्लं की बरं वाटतं, दहा वर्षांपासून शुगर आहे, त्यातलाच अशक्तपणा असावा. दुसरी: आंबिया बहाराची संत्री आली आहेत, त्यांना चालतील का?

उत्तर:

तुमचं पत्र मी शेवटाकडून वाचायला घेते. रागावू नका, पण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून टाकलीत.

पहाटेचा घाम, हाताला थरथर आणि गोड खाल्लं की आराम: हा नुसता अशक्तपणा वाटत नाही. ही रक्तातली साखर खाली गेल्याची लक्षणं असू शकतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन साखर उतरवते. इतकी, की 2014 पासून आपल्या देशात ती मधुमेहावरही पूरक औषध म्हणून मंजूर आहे. सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराईडसारखं काही असेल, त्यांचं जेवण कमी झालं असेल आणि वर ही गोळी आली असेल, तर पहाटे नेमकं हेच होतं. म्हणून हे उत्तर पुढे वाचण्याआधी घरातलं साखर मोजायचं यंत्र काढा. घाम आला की आधी बोटाचा थेंब. आकडा 70 च्या खाली आला तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. त्या गुंगीत असतील, गिळत नसतील, तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणि आजच्या आज त्यांच्या डॉक्टरांना फोन. शुगरच्या गोळीचं काय करायचं ते त्यांनी सांगू द्या. ही नवी गोळी त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत देऊ नका. गेफिटिनिब मात्र स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करायची नाही. हे दोन्ही उलटसुलट होऊ देऊ नका.

आता तुमच्या मिस्टरांकडे येते. पत्रात तुम्ही त्यांना अडाणी म्हटलेलं नाही, पण ओळींच्या मधून ते ऐकू येतं. मी काही वर्षं मुलांना औषधशास्त्र शिकवलंय, म्हणून सांगते: मेसेजमधली कल्पना वेडगळ नाही. मोठमोठ्या प्रयोगशाळा वीस वर्षं तिच्यावर काम करताहेत.

उपाशी पडलेली पेशी काय करते? दुष्काळात घरातली मोडकी खाट, जुनी दारं तोडून चूल पेटवावी तशी ती आपलंच जुनं सामान मोडून त्यावर दिवस काढते. या मोडतोडीची जनुकं यीस्टमध्ये शोधून काढली म्हणून जपानच्या योशिनोरी ओहसुमींना 2016 चं नोबेल मिळालं. गेफिटिनिबसारखं औषध कॅन्सरच्या पेशीची वाढीची वाट अडवतं, तेव्हा काही पेशी मरतात आणि काही याच युक्तीनं तग धरतात. मोडतोड जिथं होते ती पेशीतली आम्लाची पिशवी. क्लोरोक्विन आणि तिची बहीण हायड्रॉक्सिक्लोरोक्विन नेमक्या त्या पिशवीत जाऊन साठतात आणि तिचा आंबटपणा मारतात, लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा पडावा तशा. पिशवीत पचन होईना, की पेशीची चूल विझते. एकीकडून वाट अडवायची, दुसरीकडून रसद तोडायची. कागदावर सुंदर आहे. मलेरियाच्या जंतूवरही क्लोरोक्विन काहीशी याच पद्धतीनं, त्याच्या पोटातल्या आम्लाच्या पिशवीत शिरून काम करते.

प्रश्न आहे तो हे कागदावरून माणसात उतरलं का, हा. तुमच्या सासूबाईंच्या आजाराच्या जवळचा एक अभ्यास 2012 सालचा. गेफिटिनिबचंच भावंड असलेलं एर्लोटिनिब आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, फुप्फुसाच्या कॅन्सरचे 27 रुग्ण. आठ जणांना नुसती हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिली, 19 जणांना दोन्ही. दोन्ही औषधं सोबत देता येतात, एवढं त्यातून कळलं. गाठ ठळकपणे आकसली ती एकाची. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये इमॅटिनिब या औषधाला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची जोड देऊन 62 रुग्णांवर तुलना झाली. वर्षअखेरीस दोन गटांत ठोस म्हणावा असा फरक निघाला नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमधली एक गोष्ट मात्र मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवावीशी वाटते. तिथं जोड किमोला होती, रुग्ण 112. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मिळालेल्यांपैकी 38 टक्क्यांच्या गाठी आकसल्या, न मिळालेल्यांपैकी 21 टक्क्यांच्या. इथवर वाचून कोणीही पेढे वाटेल. पण वर्षभरानंतर जिवंत किती होते? गोळी घेणारे 41 टक्के, न घेणारे 49. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण गोळीनं आयुष्य वाढवलं नाही हे नक्की. गाठ आकसणं आणि माणूस जगणं ही दोन वेगळी मोजमापं आहेत, आणि मेसेजमध्ये नेहमी पहिलंच येतं.

उलट बाजूही सांगते, नाहीतर मी एकांगी ठरेन. 2019 मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या एका रुग्णाला ट्रामेटिनिब या, पेशीत नेमक्या जागी मारा करणाऱ्या औषधासोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिल्यावर खरोखर मोठा उतार पडला. त्यावरून पुढच्या चाचण्या निघाल्या. एका विशिष्ट जनुकबदलाच्या त्वचेच्या कॅन्सरमध्ये अशाच दोन औषधांना हिची जोड देऊनही पाहिलंय. म्हणजे दार बंद झालेलं नाही. पण कुठल्या कॅन्सरमध्ये, कुठल्या औषधासोबत, किती मात्रेत, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय ते दार तुमच्या घरात उघडत नाही.

मात्रेचं बघा. किमोच्या त्या अभ्यासात रोज 1200 मिलिग्रॅम दिली होती, एर्लोटिनिबच्या अभ्यासात 1000 पर्यंत गेले होते. सासूबाईंना रोज 400 मिळतेय. चूल विझवायला ती पुरते की नाही याचीच शंका. पण तुम्ही त्यांचं वजन 46 किलो लिहिलंय. डोळ्याचा पडदा जपायचा तर नेत्रतज्ज्ञांचा नियम किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आत राहण्याचा आहे, म्हणजे त्यांच्यासाठी दिवसाला 230. डोळ्याला इजा व्हायला सहसा वर्षं लागतात, तीन आठवड्यांत काही होत नाही, घाबरू नका. सांगायचं ते एवढंच, की घरी ठरवलेली मात्रा फायद्याला कदाचित तोकडी आणि अंगाला जास्त, अशी दोन्हीकडून चुकू शकते.

"लोक वर्षानुवर्षं खातात" या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. आमच्या लहानपणी मलेरियाचा माणूस घरोघरी यायचा, बोटाला टोचून काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, दारामागच्या भिंतीवर तारीख टाकून जायचा. गडचिरोलीकडे तर ताप म्हटलं की आधी मलेरियाच आठवतो. त्या कडू गोळ्या विदर्भातल्या घरात इतक्या ओळखीच्या झाल्या, की त्यांना कोणी औषध मानेचना. ओळखीची म्हणजे निरुपद्रवी, हा हिशेब तिथून आला असावा. 2020 मध्ये त्याच ओळखीनं घात केला. कोरोनाला चालते म्हणून लोकांनी पट्ट्या साठवल्या आणि ल्यूपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) असलेल्या माझ्या ओळखीच्या एका मुलीचा बाप नागपुरात सीताबर्डीपासून सदरपर्यंत दुकानं पालथी घालत फिरला. तिला ती गोळी रोज लागायची. त्या मार्च महिन्यात सरकारनं ही गोळी एच-वन यादीत टाकली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही आणि विकली तर वहीत नोंद ठेवायची. तुमच्या नातेवाइकांना हे ठाऊक आहे.

वर्षानुवर्षं खाणारे लोक कोण असतात तेही पाहा. सांधेवाताचे, ल्यूपसचे रुग्ण. त्यांच्या डॉक्टरला गोळी माहीत असते, डोळे तपासले जातात, गरजेप्रमाणे ईसीजी काढतात. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत या जोडीचा हिशेब कोणाकडेच नाही.

आणि इथं माझ्या मते खरा धोका आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हृदयाच्या ठोक्यांमधला विद्युत विसावा लांबवू शकते. ईसीजीवर त्याला क्यूटी म्हणतात. एकटीनं फार काही करत नाही. पण उलटी होते म्हणून ऑनडॅनसेट्रॉन दिली, खोकला वाढला म्हणून ॲझिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सॅसिन दिली, तर त्याही तेच करतात. कोपऱ्यावरचा कुठलाही डॉक्टर ही औषधं बिनदिक्कत लिहील, कारण त्याला ही लपवलेली गोळी माहीतच नाही. जुलाबानं पोटॅशियम उतरलेलं असेल तर आणखीच. गेफिटिनिबनं जुलाब होतात हे तुम्ही वर्षभर पाहिलंय.

याहून पुढचं ऐका. डॉक्टरांनी सांगितलेली ती रक्ताची तपासणी बहुधा टी790एम नावाच्या बदलासाठी असावी. गेफिटिनिब निष्प्रभ होते तेव्हा निम्म्याच्या आसपास रुग्णांत हाच बदल सापडतो, आणि तो सापडला तर त्यावर ऑसिमर्टिनिब हे चांगलं औषध आहे. किमोच्या तुलनेत त्यानं आजार दुपटीहून जास्त काळ रोखला: 4.4 महिन्यांऐवजी 10.1. म्हणजे सासूबाईंपुढची वाट संपलेली नाही, कदाचित सुरू होतेय. पण ऑसिमर्टिनिबसुद्धा क्यूटी लांबवते. आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन शरीरातून निम्मी उतरायलाच सुमारे 40 दिवस घेते. आज बंद केली तरी पुढच्या महिन्यात नवं औषध सुरू करताना ती अंगात असणार. हे डॉक्टरांना माहीत असेल तर ते आधी एक ईसीजी काढतील, पोटॅशियम-मॅग्नेशियम बघतील आणि निर्धास्त पुढे जातील. माहीत नसेल तर? चक्कर आली, ठोके चुकले, यकृताचे आकडे वाढले, की दोष नव्या औषधाचा धरला जाईल आणि जे औषध खरं उपयोगी, तेच बंद होईल. लपवलेल्या गोळीचा आळ दुसऱ्यावर जातो.

त्यामुळे तुमचा प्रश्न "गप्प राहू की बोलू" असा मला दिसत नाही. बोलावं लागणारच आहे. कोणी, कोणाशी आणि कसं, एवढं ठरवायचंय.

मी तुमच्या जागी असते तर डॉक्टरांकडे नवऱ्याची तक्रार घेऊन गेले नसते. मिस्टरांना सांगा, "तुम्ही वाचलं त्यात तथ्य आहे. पण डॉक्टरांना विचारायचा मान तुमचाच." आईसाठी काहीतरी केलं पाहिजे, या तगमगीतून त्यांनी ते केलंय. स्कॅन वाचून आल्यावर पुरुषाला आपल्याकडे रडता येत नाही, मग तो काहीतरी शोधून आणतो. त्यांच्याच हातानं एक चिठ्ठी लिहून घ्या: गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, कुठल्या तारखेपासून, किती वेळा, आणि पहाटेच्या घामाच्या तारखा. पट्टी फेकू नका, सोबत न्या. डॉक्टर रागावतील? कदाचित, दोन मिनिटं. ओपीडीत बसणाऱ्या डॉक्टरांनी गोमूत्रापासून कुत्र्यांच्या जंताच्या औषधापर्यंत सगळं ऐकलेलं असतं. तुम्ही आणलेली गोळी त्यांना त्यामानानं बरीच शहाणी वाटेल.

त्याच भेटीत विचारा: टी790एमचा निकाल कधी येणार? रक्तात सापडला नाही तर गाठीतून पुन्हा तुकडा घेणार का? एकच गाठ वाढलीय तर तिच्यापुरती रेडिएशन देऊन गेफिटिनिबच चालू ठेवता येईल का? आणि जोड द्यायचीच तर सिद्ध झालेली जोड कुठली? कारण जुन्या, स्वस्त औषधाची जोड देऊन फायदा होतो हे कुठं सिद्धच झालं नाही, असं नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात 350 रुग्णांवर गेफिटिनिब एकटी आणि गेफिटिनिबसोबत जुनी किमो अशी तुलना झाली. आजार आटोक्यात राहण्याचा काळ 8 महिन्यांवरून 16 वर गेला. त्रासही वाढला, ते खरं. आणि ते उपचाराच्या सुरुवातीलाच दिलं होतं, सासूबाईंना आता लागू पडेलच असं नाही. पण मिस्टरांच्या मनातला जो प्रश्न आहे, दोन औषधं मिळून जास्त काम करतात का, त्याचं मोजून दिलेलं उत्तर म्हणजे ते आहे.

मलेरियाच्या औषधाचीच आस असेल तर चाचणीत भाग घेता येतो का, हे विचारा. देशातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते, ती कोणालाही पाहता येते. चाचणीत औषध फुकट मिळतं, नैतिक समितीची नजर असते, त्या चाचणीमुळे इजा झाली तर भरपाईचा कायदा आहे. "ट्रायल आहे, दीड लाख भरा" असं कोणी म्हणालं तर उठून घरी या. (अशाच आशयाची आणखी काही पत्रं टेबलावर आहेत, आर्टेसुनेट आणि आर्टेमिसिनिन या मलेरियाच्याच औषधांच्या कॅप्सूलबद्दल. त्यांनाही हेच उत्तर. आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या चीनच्या तू यूयू यांना 2015 चं नोबेल मिळालं ते मलेरियासाठी. कॅन्सरमध्ये ते अजून तपासणीच्या पायरीवर आहे. आर्टेमिसिनिनच्या कॅप्सूलनं यकृत सुजल्याच्या नोंदी मात्र आहेत.)

राहिल्या सासूबाई. त्यांनी तीसेक वर्षं शाळा सांभाळली, पोरांच्या दप्तरातल्या चिठ्ठ्या पकडल्या. त्यांना ताकदीची गोळी कळत नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? माझा अंदाज, त्यांना संशय आहे आणि मुलाचं मन राखायला त्या गिळताहेत. स्कॅनचंही तुम्ही लिहिलंय, "थोडं इन्फेक्शन आहे असं सांगितलं." हे दोन्ही मोडून काढा, एकाच दिवशी, दुपारी, घरात पाहुणे नसताना. "आई, गाठ थोडी वाढली आहे. डॉक्टरांकडे दुसरं औषध आहे, त्याची तपासणी चालू आहे. आणि आम्ही भीतीपोटी तुम्हाला न सांगता एक गोळी देत होतो, ती बंद केली." मुलानं बोलावं, तुम्ही शेजारी बसा. त्या चिडतील, मग विचारतील. कदाचित म्हणतील, "काहून लपवलं रे?" त्या प्रश्नाला उत्तर नसलं तरी चालेल. पुढं ऑसिमर्टिनिब घ्यायची, की किमो, की काहीच नको, हे ठरवताना सही त्यांची लागणार आहे, आणि अर्ध्या माहितीवर त्यांच्याकडून सही घेणं मला पटत नाही.

घर तुम्हाला बोलेल का? बोलेलही. सुनेला बोलायला घराला निमित्त लागत नाही. पण पहाटे त्यांच्यासाठी चहा-बिस्किट घेऊन तुम्हीच उठता, हे तुमच्या पत्रावरून मला कळलं. ते त्यांनाही कळत असणार.

आणि हो, संत्री. कॅन्सरच्या काही गोळ्यांसोबत पपनस आणि त्याच्या जातीचं ग्रेपफ्रूट टाळायला सांगतात, कारण त्यांच्या रसानं आतड्यात औषध मोडण्याचं काम मंदावतं आणि ते रक्तात जास्त जातं. आपलं नागपुरी संत्रं त्यातलं नाही. खुशाल द्या, पण शुगर आहे म्हणून एका वेळी एकच, आणि रस न काढता फोडी सोलून.